पाणथळीतली लाल फळं: विंटरबेरीबद्दल वाचकांचे प्रश्न

पानगळ संपली की उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात दलदलींचे काठ, तळ्यांच्या कडा आणि रस्त्याकडेचे ओले चर एकदम लाल दिसू लागतात. त्यातलं बरंचसं श्रेय विंटरबेरीचं, म्हणजे होली नावाच्या झुडपाच्या एका पानझडी जातीचं. पण सगळंच लाल विंटरबेरी नसतं, आणि या अंकातले बरेच प्रश्न त्याच घोळातून आलेले आहेत.

प्रश्न (न्यू जर्सी): घरामागच्या तळ्याच्या काठी सात-आठ फुटी झुडपं आहेत. पानं सगळी गळली आहेत आणि फांद्या लाल फळांनी भरल्या आहेत. फोनवरचं ॲप एका फोटोला विंटरबेरी म्हणतं, दुसऱ्याला हनिसकल आणि तिसऱ्याला चोकबेरी. पानं नसताना खात्रीनं कसं ओळखावं?

उत्तर: आधी फळांचा रंग विसरा. या दिवसांत लाल फळं धरणारी झुडपं बरीच असतात आणि ॲपची फसगत रंगावरच होते. विंटरबेरी (शास्त्रीय नाव आयलेक्स व्हर्टिसिलाटा) ओळखायला सुरुवात काडीपासून करायची.

यंदाच वाढलेली एखादी सरळ, बारीक काडी निवडा. पान जिथून गळलं तिथे छोटा वण राहतो आणि वणाच्या वर डोळा असतो. हे वण काडीवर एकाआड एक असतील तर पुढे जायचं. जोडीजोडीनं समोरासमोर असतील तर ती विंटरबेरी नाहीच. झुडपी हनिसकल इथेच बाद होतं, कारण त्याचे डोळे नेहमी समोरासमोर असतात. आशियातून आलेल्या झुडपी हनिसकलची जुनी काडी आडवी कापली तर आत पोकळ निघते, ही त्याची आणखी एक खूण. हायबुश क्रॅनबेरीचेही डोळे समोरासमोर असतात. एक काळजी घ्या: शेंड्याजवळ वण दाटीनं येतात आणि जोडी असल्याचा भास होतो. म्हणून निर्णय काडीच्या मधल्या भागावरून करा.

आता दहापट भिंग घ्या. विंटरबेरीच्या वणाचा आकार अर्धचंद्रासारखा असतो आणि त्यात एकच ठिपका दिसतो. पानात अन्नपाणी नेणाऱ्या नळ्यांची जुडी तिथून गेलेली असते. चोकबेरीच्या वणात असे तीन ठिपके असतात. विंटरबेरीचा डोळा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा आणि बोथट. पुष्कळदा त्याच्या खाली आणखी एक इवलासा डोळा चिकटलेला असतो. वणाच्या दोन्ही बाजूंना टाचणीच्या टोकाएवढे काळे बिंदू दिसले तर ते उपपर्णांचे, म्हणजे पानाच्या तळाशी येणाऱ्या इवल्या पानांचे, अवशेष. होलीच्या वंशाची ही आवडती खूण आहे आणि एकदा नजरेत बसली की विसरत नाही. चोकबेरीचा डोळा याउलट लांब, टोकदार, तांबूस आणि काडीला टेकलेला असतो.

यानंतर फळ. विंटरबेरीचं फळ 6 ते 8 मिलिमीटरचं, वाटाण्याहून किंचित लहान. देठ अगदी आखूड, त्यामुळे फळं काडीलाच चिकटवल्यासारखी दिसतात. एक फळ तोडून दोन्ही टोकं बघा. देठाकडे चपटा झालेला निदलपुंज (फुलाच्या बाहेरच्या हिरव्या दलांचा वेढा) असतो आणि दुसऱ्या टोकाला पेन्सिलीचं टोक टेकवल्यासारखा एकच काळा ठिपका. चोकबेरीत निदलपुंज देठाकडे नसून दुसऱ्या टोकाला असतो, पेरूच्या बुडाशी असतो तसा. फक्त ही एक गोष्ट पाहिली तरी त्या दोघांत घोटाळा व्हायचं कारण नाही.

फळ बोटांत चिरडा. विंटरबेरीतून तीन ते सहा बिया निघतात, संत्र्याच्या फोडींसारख्या आणि गुळगुळीत पाठीच्या. एकच मोठी बी निघाली आणि काडी खरवडल्यावर मसाल्यासारखा वास आला, तर ते स्पाइसबुश. तेही ओल्या रानातच वाढतं, त्यामुळे शेजारीच सापडेल. काटे असतील तर बार्बेरी. आणि फळाभोवती पिवळं फुटलेलं टरफल असून खोड दुसऱ्या झाडाला पिळा घालून चढलं असेल, तर तो ओरिएंटल बिटरस्वीटचा वेल.

ॲपलाच विचारायचं असेल तर संपूर्ण झुडपाच्या फोटोसोबत काडीच्या मधल्या भागाचा आणि फळाच्या दोन्ही टोकांचा जवळून फोटो द्या. लांबून काढलेल्या लाल ठिपक्यांवरून माणसालाही सांगता येत नाही.

दलदलीत उतरण्यापूर्वी आणखी एक गोष्ट. याच जागेत पॉयझन सुमाक वाढतं. त्याच्या काड्या जाड असतात आणि फळं पांढुरकी-करडी, लोंबत्या घोसांत. पानं गळलेली असतानाही त्याचा चीक अंगाला लागला की बिब्बा उततो तसं अंग उततं, आणि कारणही जवळचंच: दोन्ही झाडं एकाच कुळातली. पांढरी लोंबती फळं दिसली की त्या झुडपाची काडी मोडू नका.

प्रश्न (व्हर्जिनिया): होली म्हणजे काटेरी, चकचकीत, बारमाही हिरवी पानं ना? मग पानं गाळणारी होली कशी?

उत्तर: ती काटेरी ती अमेरिकन होली, आयलेक्स ओपाका. आयलेक्स या वंशात पाचशेहून अधिक जाती आहेत, आणि त्यातल्या काही पानं गाळतात. विंटरबेरीच्या पानाला काटे नसतात. पान 5 ते 10 सेंटिमीटर लांब, कडा बारीक दातेरी, वरचा पृष्ठभाग निस्तेज, शिरा आत दबलेल्या आणि खालच्या बाजूला शिरांवर बारीक लव. थंडीची पहिली जोरदार लाट आली की पानं काळपट होऊन गळतात. त्यावरून तिला ब्लॅक आल्डर असंही म्हणतात, आणि हे नाव फार गोंधळ करतं. खरा आल्डर म्हणजे अल्नस, त्याला छोटी लाकडी बोंडं धरतात, आणि युरोपातल्या एका अल्नसलाही हेच नाव आहे. रोप मागवताना शास्त्रीय नावच लिहा.

प्रश्न (मिशिगन): ऑगस्टमध्ये ओढ्याकाठच्या झुडपांवर हिरवी आणि लाल फळं एकत्र दिसली. विंटरबेरी समजून ती जपली. आता शेजारी म्हणतात की ते बकथॉर्न आहे, उपटून टाका. कोण बरोबर?

उत्तर: तुमच्या वर्णनावरून शेजाऱ्यांचं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त आहे, पण उपटण्यापूर्वी खात्री करा. ग्लॉसी बकथॉर्न हे युरोपातून आलेलं, आपल्या बोराच्या कुळातलं झुडूप पाणथळीत घुसून स्थानिक झाडोरा दाबून टाकतं. विंटरबेरीशी त्याचा घोटाळा फार होतो, आणि चुकून विंटरबेरीच तोडली जाते तेव्हा खरंच वाईट वाटतं.

फळांचा प्रवास बघा. बकथॉर्नचं फळ हिरव्याचं लाल आणि लालचं काळं होतं, आणि एकाच फांदीवर तिन्ही रंग एका वेळी असतात. विंटरबेरीचं फळ हिरव्याचं लाल होतं आणि हिवाळाभर लालच राहतं. ते पूर्ण पिकतं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. ऑगस्टमध्येच लाल फळं असतील तर शंका घ्यावी, आणि त्यात एक जरी काळं असेल तर निकाल लागला.

पानाची कड बोटानं चाचपा. बकथॉर्नची कड सलग, दात नसलेली. पान चकचकीत, शिरा ठळक आणि जवळजवळ समांतर. विंटरबेरीची कड बोटाला बारीक खरखर लागते. काडीच्या टोकाचा डोळा बघा: बकथॉर्नच्या डोळ्यावर खवल्यांचं आवरण नसतं, तपकिरी लव असलेली दोन इवली पानं मिटून बसल्यासारखा तो दिसतो. शरदाच्या शेवटी, आजूबाजूची झुडपं उघडी पडली तरी बकथॉर्न हिरवंच असतं. लांबून शोधायला तो सगळ्यात सोयीचा काळ.

बकथॉर्न ठरलं तर लहान रोपं पावसानंतर मुळासकट ओढून काढा. मोठं झुडूप नुसतं तोडू नका, बुंध्यातून पूर्वीपेक्षा जास्त फुटवे येतात. बुंध्यावर तणनाशक लावायचं झालं तर पाण्याजवळ वापरायला परवानगी असलेलंच औषध लागतं आणि राज्याचे नियमही पाळावे लागतात. तळ्या-ओढ्यांच्या काठांवर हे नियम कडक असतात. उदाहरणार्थ मॅसॅच्युसेट्समध्ये पाणथळीत किंवा तिच्या काठापासून 100 फुटांच्या आत काम करण्याआधी गावच्या कन्झर्व्हेशन कमिशनला विचारावं लागतं.

प्रश्न (मॅसॅच्युसेट्स): सगळ्या खुणा जुळतात, पण फळांचे देठ चांगले इंचभर लांब आहेत आणि रंग गडद, चमक नसलेला. ही विंटरबेरीच का?

उत्तर: नाही, ही बहुधा माउंटन होली, आयलेक्स म्युक्रोनाटा. पूर्वी तिला नेमोपॅन्थस या वेगळ्या वंशात धरत, आता ती आयलेक्समध्येच आली आहे. लांब नाजूक देठ, मखमली लाल फळ, जांभळट पानदेठ आणि जवळजवळ सलग कडेच्या पानाला टोकाशी आलेला केसासारखा काटा या तिच्या खुणा.

तुमच्या भागात स्मूथ विंटरबेरी, आयलेक्स लिव्हिगाटा, हीही सापडू शकते. तिची पानं चमकदार असतात, खाली लव नसल्यातच जमा, आणि शरदात ती काळी न पडता पिवळी होतात. फळं नारिंगीकडे झुकणारी, बहुतेक एकेकटी. नक्की ठरवायचं तर फळाच्या देठाकडचा निदलपुंज भिंगाखाली धरा: विंटरबेरीच्या निदलांच्या कडेला पापण्यांसारखे केस असतात, स्मूथ विंटरबेरीच्या निदलांना नसतात.

दक्षिणेकडे आणि मिसूरी-टेक्सासच्या बाजूला लाल फळांची पानझडी होली दिसली तर पॉसमहॉ, आयलेक्स डेसिड्युआ, लक्षात ठेवा. ती झुडपापेक्षा छोट्या झाडासारखी वाढते, पानांचे दात गोलसर, पानाचं टोक बोथट, आणि पानं आखूड फुटव्यांवर झुपक्यानं येतात.

प्रश्न (पेनसिल्व्हेनिया): चार वर्षांपूर्वी विंटरबेरीच्या 'विंटर रेड' वाणाची दोन रोपं आणि परागणासाठी 'जिम डँडी' हा नर लावला. झुडपं जोमदार आहेत, ऊन भरपूर आहे. आकार राहावा म्हणून दर जुलैत कातरतो. फळं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. काय चुकतंय?

उत्तर: दोन गोष्टी चुकताहेत, आणि दोन्ही दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

पहिली म्हणजे जोडी. विंटरबेरीत नर आणि मादी ही वेगवेगळी झुडपं. मादीला फळ धरायचं तर ती फुललेली असतानाच जवळपास नर फुललेला हवा, आणि मधमाश्यांनी एकावरून दुसऱ्यावर जायला हवं. 'जिम डँडी' लवकर फुलतो, 'रेड स्प्राइट'सारख्या लवकर फुलणाऱ्या मादीसाठी तो योग्य. 'विंटर रेड' उशिरा फुलते आणि तिच्यासाठी 'सदर्न जेंटलमन' हा नर लावतात. तुमच्या नराचा बहर सरत असतानाच माद्या फुलायला लागतात. थोडी फळं दिसताहेत ती या दोन बहरांचे काही दिवस एकमेकांवर येतात म्हणून. 'सदर्न जेंटलमन' लावताना अंतर 50 फुटांच्या आत ठेवा. एक नर सहा ते दहा माद्यांना पुरतो, त्यामुळे तो कोपऱ्यात लावला तरी चालेल. नवा नर फुलेपर्यंत एक जुगाड करता येतो: ओळखीच्या कुणाकडे उशिरा फुलणारा नर असेल तर त्याच्या फुललेल्या फांद्या पाण्याच्या बादलीत घालून तुमच्या माद्यांच्या पायाशी ठेवा. फुलं ताजी असेपर्यंत मधमाश्या काम करतात. बादली सावलीत राहील असं बघा. आवारात अमेरिकन होलीचा नर असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका.

दुसरी गोष्ट जुलैतली कातर. विंटरबेरीची फुलं त्याच वर्षीच्या नव्या वाढीवर येतात, जून ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत. जुलैत तुम्ही कातरता ती नेमकी कोवळी फळं धरलेली काडी. छाटणी हिवाळ्याच्या शेवटी, डोळे फुटण्यापूर्वी करा. आणि कातरीनं वरून सपाट करू नका. सर्वांत जुने खोड जमिनीलगत कापा, एका वर्षी एकतृतीयांशापेक्षा जास्त नाही. मग झुडूप आतून नवं होत राहतं. 'विंटर रेड' सहा ते नऊ फूट होणारच. तेवढी जागा नसेल तर तीन-चार फुटांवर थांबणारी 'रेड स्प्राइट' लावा, तिला तुमचा 'जिम डँडी' चालेल.

नर-मादीच्या पाट्या हरवल्या असतील किंवा नर्सरीनं चुकीचं रोप दिल्याचा संशय असेल तर जूनमध्ये फूल उघडून पाहा. फूल पाव इंचाहूनही लहान, हिरवट पांढरं. मध्यभागी फुगलेला हिरवा बीजांडकोश, अगदी इवल्याशा भोपळ्यासारखा, असेल तर मादी. मध्यभाग जवळजवळ रिकामा आणि भोवती पिवळ्या परागांचे पुंकेसर असतील तर नर. नराची फुलं दाट झुपक्यात येतात, मादीची एक ते तीन. मादीच्या फुलातही पुंकेसरांसारखे वांझ तंतू असतात, त्यांनी फसू नका, मधला भोपळा बघा.

एवढं करूनही फळं न धरल्यास बहरात पाऊस किती पडला आणि जवळपास कीटकनाशक फवारलं का हे आठवा. दोन्हींनी मधमाश्या येत नाहीत. उन्हाळ्यात माती सुकली तर धरलेली फळंही गळतात.

प्रश्न (ओंटारियो): रानातल्या फळांच्या बिया गेल्या वसंतात पेरल्या. काहीच उगवलं नाही. फेकून देऊ का?

उत्तर: अजिबात नाही. कुंडी जपा. फळ पिकतं तेव्हा बीमधला भ्रूण अपुरा असतो. त्याला आधी काही महिने उबदार ओल आणि मग थंड ओल लागते, तेव्हा उगवण बहुधा दुसऱ्या, कधी तिसऱ्या वसंतात होते. ताज्या फळातल्या बिया गर धुऊन शरदात बाहेर कुंडीत पेरा, वर बारीक जाळी लावा आणि माती सुकू देऊ नका. निसर्ग ऋतू फिरवत राहतो, तुम्ही फक्त वाट बघायची. पण बियांच्या रोपात नर-मादी निम्मी-निम्मी निघतात आणि फुलेपर्यंत तीन-चार वर्षं कळत नाही. ठरावीक वाण किंवा हमखास मादी हवी असेल तर जून-जुलैत कोवळ्या फुटव्याचं छाट कलम करा. चार-पाच इंचांची काडी घ्या, वरची दोन पानं ठेवा, तळाला मूळ फुटायची पावडर लावा, ती ओल्या पर्लाइट-पीटच्या (मुळं फुटायला वापरायच्या हलक्या मिश्रणाच्या) कुंडीत खोचा आणि वर प्लॅस्टिक झाका.

प्रश्न (इलिनॉय): आमच्याकडे दलदल नाही. घराच्या भिंतीलगत लावलेल्या विंटरबेरीची पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या. पाणी कमी पडतंय का?

उत्तर: पिवळ्या पानात हिरव्या शिरा म्हणजे पाण्यापेक्षा मातीच्या सामूची (pH ची) तक्रार. विंटरबेरीला आम्लधर्मी माती लागते, साधारण 4.5 ते 6.5 सामूची. काँक्रीटच्या पायाजवळ चुना झिरपून सामू चढतो, मग मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. आधी माती तपासून घ्या. सामू थोडाच जास्त असेल तर तपासणी अहवालात सांगितलेल्या प्रमाणात गंधक घाला. त्याचा परिणाम दिसायला महिने लागतात. तोवर चिलेटेड लोह (मुळांना सहज उचलता येईल अशा रूपातलं लोह) देऊन पानं हिरवी ठेवता येतील. सामू सातच्या वर असेल तर भिंतीशी भांडत बसू नका, झुडूप वसंताच्या सुरुवातीला, डोळे फुटण्याआधी, दूर हलवा.

दलदल नसली तरी बिघडत नाही. रानात ती पाण्याशी जोडलेली असते कारण तिथे इतर झुडपांची मुळं गुदमरतात आणि तिची तग धरतात. ओल टिकणाऱ्या साध्या मातीतही ती छान वाढते. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, खोली मात्र गोळ्याएवढीच. वर दोन-तीन इंच पानांचं आच्छादन, पण खोडाला टेकू न देता. पहिले दोन उन्हाळे पावसासकट आठवड्याला इंचभर पाणी मिळेल असं बघा. सावलीत झुडूप जगतं, पण फळं ऊन बघून येतात.

प्रश्न (कनेटिकट): फळांचा मुरंबा करता येईल का? घरात कुत्रा आणि लहान मुलगी आहे. आणि हिवाळ्यात फुलदाणीत ठेवायला फांद्या केव्हा कापायच्या?

उत्तर: मुरंबा नको. ही फळं माणसानं खायची नाहीत. त्यांत सॅपोनिन असतात, त्यांनी उलट्या-जुलाब होतात. चार फळं चघळल्यानं सहसा मोठा धोका नसतो, पण मुलगी किंवा कुत्रा जास्त खाऊन बसला तर पॉयझन कंट्रोलला (विषबाधेच्या मदतकेंद्राला) किंवा पशुवैद्याला लगेच फोन करा. फुलदाणी उंचावर ठेवा आणि गळलेली फळं रोज वेचा.

फांद्या पानं पूर्ण गळल्यावरच कापा. त्यापूर्वी कापल्या तर पानं हातानं काढावी लागतात आणि त्यात फळंही निघतात. रानातली झुडपं ज्याची जमीन त्याच्या परवानगीशिवाय कापू नका. उद्यानं आणि राखीव पाणथळींत तर नकोच. आपल्या झुडपाच्याही निम्म्याहून अधिक फांद्या ठेवा. या फळांत चरबी कमी असते, म्हणून पक्षी आधी इतर फळांवर जातात आणि ही शेवटी ठेवतात. जानेवारी-फेब्रुवारीत सगळं संपलं की रॉबिन, ब्लूबर्ड आणि सीडर वॅक्सविंग यांचे थवे येतात आणि अख्खं झुडूप एखाद्या दिवसात रिकामं करतात.